कॅलचं फुटबॉल सीझन तिकीट, एसीसीत गेल्यानंतर: घ्यावं का?

सरळच सांगते, ज्या वर्षी बिग गेम (कॅल, म्हणजे बर्कलीची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, विरुद्ध शेजारची स्टॅनफर्ड ही अमेरिकन फुटबॉलची मॅच) बर्कलीत असतो त्या वर्षी सीझन तिकीट डोळे झाकून घ्या, आणि ज्या वर्षी तो स्टॅनफर्डला असतो त्या वर्षी आवडतील त्या मॅचेसची सुटी तिकिटं घ्या. सम वर्षी बर्कली, विषम वर्षी स्टॅनफर्ड, हिशोब सोपा आहे. पण "कॅल आता एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, मुख्यतः पूर्वेकडच्या युनिव्हर्सिट्यांचा गट) आहे, मोठमोठ्या टीम्स येणार, पैसे वसूल" असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर जरा थांबा, कारण तिकीट तेच असलं तरी त्यात जे मिळायचं ते बरंच बदललंय आणि काही गोष्टी तर कायमच्या गेल्यात.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या युनिव्हर्सिट्यांची कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकींशी खेळणाऱ्या टीम्सचा गट, १९१५ पासूनची, कॅल त्यात पहिल्या दिवसापासून. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए म्हणाले आम्ही बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये चाललो. २०२३ च्या जुलैत कोलोराडो बिग ट्वेल्व्ह या आणखी एका कॉन्फरन्समध्ये गेली, आणि ४ ऑगस्टला तर एका दिवसात पाच जणी गेल्या, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. मागे राहिल्या चार, कॅल, स्टॅनफर्ड, ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट. मग महिनाभर नुसती धावाधाव, आणि १ सप्टेंबरला एसीसीने कॅल, स्टॅनफर्ड आणि टेक्ससमधल्या एसएमयूला घेतलं. तेही सहज नाही, पंधरापैकी बारा मतं लागत होती आणि बरोब्बर बाराच पडली, नॉर्थ कॅरोलायना स्टेटने शेवटी बाजू बदलली म्हणून. आणि घेतलं ते कशावर, तर कॅल आणि स्टॅनफर्डला पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला साधारण ३० टक्केच वाटा. एसएमयूने तर नऊ वर्षं काहीच नको म्हणून सांगितलं.

इथे मला जे बोलायचंय ते प्रतिष्ठेबद्दल, कारण बर्कलीच्या ॲलम्नाय लोकांशी बोललं की पाच मिनिटांत गाडी तिथेच येते. बिग टेनवाले वर्षानुवर्षं सांगत आले की आम्ही नुसती खेळाची कॉन्फरन्स नाही, आमच्याकडे संशोधन करणाऱ्या युनिव्हर्सिट्या आहेत, १९५८ पासून त्यांची एकत्र अभ्यासाची आणि लायब्रऱ्यांची वेगळी व्यवस्था आहे, आणि नेब्रास्का सोडली तर सगळ्या एएयू या नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांच्या संघटनेच्या मेंबर आहेत (नेब्रास्काही आली तेव्हा होती, २०११ मध्ये तिला काढलं). बरं. मग ही एएयू १९०० साली स्थापन करणाऱ्यांमध्ये कोण होतं? कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड, दोघीही. अभ्यासाची पत हाच निकष असता तर या दोघींना पहिलं आमंत्रण गेलं असतं, आणि प्रत्यक्षात त्या दोघीच दारात ताटकळत राहिल्या. ओरेगन आणि वॉशिंग्टनसुद्धा चांगल्या युनिव्हर्सिट्या आहेत, मला त्यांच्याबद्दल काही आकस नाही, पण त्या आत गेल्या त्या लोक त्यांच्या मॅचेस टीव्हीवर बघतात म्हणून, आणि सुरुवातीला त्यांनाही कमी वाट्यावर जावं लागलं. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबरचा सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरच्या वरचा आहे, तो लायब्ररी बघून कोणी केलेला नाही.

म्हणून "आता आपलं नाव ड्यूक, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनाच्या (यूएनसी) रांगेत लागतं" असं जे आपले लोक समाधान मानतात ते मला पटत नाही. एसीसीतल्या त्या युनिव्हर्सिट्या उत्तमच आहेत, पण ड्यूकला हरवून शेजारच्या क्यूबिकलमध्ये कोणाला चिडवणार? रायव्हलरी रँकिंगवर होत नाही, एकमेकांचं रोज तोंड बघावं लागतं म्हणून होते. यूसीएलए आणि आपण एकाच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे दोन कॅम्पस, १९३३ पासून दर वर्षी न चुकता मॅच, शेवटची २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रोझ बोलमध्ये झाली आणि आपण ३३-७ जिंकलो, आणि ती सलग परंपरा संपली. नव्वद वर्षांची गोष्ट अशी एका ओळीत संपते याचं मला अजूनही वाईट वाटतं. वाटण्या झाल्यावर थोरल्याला खर्चाला पैसे द्यावेत तसं रीजंट्सनी (युनिव्हर्सिटीच्या कारभारी मंडळाने) ठरवलं की यूसीएलएने कॅलला तीन वर्षं दर वर्षी १ कोटी डॉलर द्यायचे. पैसे आले, मॅच नाही आली.

आता तिकिटाकडे वळते. २०२४ हे एसीसीतलं पहिलं वर्ष, त्यातली एक रात्र अशी होती की त्या एकट्या रात्रीसाठी मी पूर्ण सीझनचे पैसे परत देईन. ५ ऑक्टोबर, मायामी. ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा टीव्ही कार्यक्रम पहिल्यांदाच बर्कलीत आला होता, कॅम्पसवर मेमोरियल ग्लेडमध्ये पहाटेपासून पोरं बोर्ड घेऊन उभी, आणि बोर्डही कसले, बर्कलीच्या पोरांना शोभतील असे. संध्याकाळी साडेसातला किकऑफ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण ३५-१० ने पुढे, वरच्या टेकडीवरची तोफ प्रत्येक स्कोअरला धडाडत होती, माझ्या बाजूला ओळख ना पाळख अशा एक आजी होत्या, त्या प्रत्येक टचडाउनला माझा हात इतका घट्ट धरायच्या की मनगट दुखायला लागलं. आणि मग मायामीच्या क्वार्टरबॅक कॅम वॉर्डने एकेक करून सगळं परत घेतलं, शेवटची २६ सेकंद उरली असताना मायामी पुढे गेली, ३९-३८. त्यानंतर स्टेडियममध्ये जी शांतता पसरली ती मी कधी ऐकलेली नव्हती. हरलो, पण अशी मॅच पाहायला मिळणं म्हणजे नशीब लागतं, आणि हे मान्य करायला हवं की जुन्या कॉन्फरन्समध्ये मायामी बर्कलीला कॉन्फरन्स मॅच खेळायला कधीच आली नसती.

त्या वर्षी एकूणच असं झालं. फ्लोरिडा स्टेट, मायामी, पिट (पिट्सबर्ग) आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट, चार मॅचेस मिळून फक्त नऊ पॉइंटने हरलो. नऊ! कॉन्फरन्समध्ये दोन जिंकल्या, सहा हरल्या. पण बिग गेम २४-२१ जिंकून कुऱ्हाड आपल्याकडे राहिली, त्यामुळे सीझन वाया गेला असं बर्कलीत तरी कोणी म्हणालं नाही. कुऱ्हाडीचं ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, स्टॅनफर्ड ॲक्स नावाची ट्रॉफी आहे, १९३३ पासून बिग गेम जिंकेल त्याच्याकडे, आणि तिच्या पाटीवर सगळे स्कोअर कोरलेले आहेत. १९८२ च्या मॅचमध्ये शेवटच्या चार सेकंदांत आपल्या पोरांनी पाच वेळा बॉल मागे टाकत, मैदानात घुसलेल्या स्टॅनफर्डच्या बँडमधून वाट काढत टचडाउन केला आणि २५-२० जिंकलो, तो स्कोअर कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली की ते लोक बदलून २०-१९ स्टॅनफर्ड असा करतात, आणि आपल्याकडे आली की आपण परत नीट करतो. चाळीस वर्षांच्या वर हे चाललंय. ही मॅच १८९२ पासूनची आहे, दोघी एकाच कॉन्फरन्समध्ये गेल्या म्हणून वाचली, आणि माझ्या मते एसीसीने आपल्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

बाकीच्या होम मॅचेस मात्र तशा नाहीत. सिराक्यूज किंवा नॉर्थ कॅरोलायना स्टेट आली की समोरच्या टीमचे पाठीराखे मोजकेच असतात, चार हजार किलोमीटर उडून शनिवारच्या मॅचला कोण येणार, आणि समोरून आवाज नसला की आपला आवाजही अर्धा होतो. पूर्वी यूएससी आली की अर्धं लॉस एंजेलिस आल्यासारखं वाटायचं, त्यांचा बँड तीच तीच धून वाजवून डोकं उठवायचा, आणि तेच तर हवं असतं ना. २०२४ मध्ये ओरेगन स्टेट आली, कॉन्फरन्सबाहेरची मॅच म्हणून, आपण ४४-७ जिंकलो, पण खरं सांगायचं तर स्टँडमधलं वातावरण जुन्या ओळखीच्या माणसांना भेटल्यासारखं होतं, जिंकल्यावर त्यांच्या लोकांशी हात मिळवताना दोन्हीकडच्यांना एकच गोष्ट खुपत होती.

वेळापत्रक हा सगळ्यात मोठा त्रास. किकऑफची वेळ टीव्हीवाले ठरवतात आणि बऱ्याचदा बाराच दिवस आधी कळते, कधी कधी तर सहा दिवस. घरात लहान मुलं असतील तर रात्री साडेसातची मॅच म्हणजे साडेअकरापर्यंत घरी पोचणं नाही. आणि शुक्रवारच्या मॅचेस! १७ ऑक्टोबर २०२५ ला यूएनसी आली, त्यांचे नावाजलेले कोच बिल बेलिचिकना बघायला म्हणून मीही उत्साहाने गेले, मॅच २१-१८ अशी रंगली, शेवटाकडे त्यांच्या पोराच्या हातून गोललाइनच्या तोंडाशी बॉल सुटला आणि आपण वाचलो, सगळं छान, पण शुक्रवार संध्याकाळचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. आणि तिकडे नॉर्थ कॅरोलायनात मॅच सुरू झाली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, म्हणजे त्यांच्या शाळकरी पोरांनी ती बघितलीच नसणार. ही वेळ नक्की कोणाच्या सोयीची आहे?

अवे मॅचेस सीझन तिकिटात नसतातच, त्या घरी बघायच्या, आणि त्यासाठी वेगळं स्ट्रीमिंग पॅकेज. मी जे घेतलं होतं त्याचं नाव घेत नाही, पण चौथ्या क्वार्टरमध्ये चित्र गोठायचं आणि परत सुरू झालं की स्कोअर बदललेला असायचा. पूर्वेकडची दुपारी बाराची मॅच म्हणजे आपल्याकडे सकाळचे नऊ, तेही एक आहेच. हा खर्च सीझन तिकिटात धरूनच हिशोब करा, कारण जुन्या कॉन्फरन्समध्ये एखादी अवे मॅच गाडी काढून बघता यायची, आता स्टॅनफर्ड सोडली तर कुठलीच कॉन्फरन्स मॅच गाडीच्या टप्प्यात नाही. बोस्टन कॉलेज, पिट, लुइव्हिल, सगळीकडे विमान.

आणि आपण तरी सोफ्यावर बसतो. फुटबॉलची टीम चार्टर विमानाने जाते, सीझनमध्ये चार-पाच वेळा. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकरच्या मुलींचं काय? त्यांच्या मॅचेस आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात, त्यांच्या परीक्षा तशाच असतात, आणि कॉन्फरन्स बदलण्याचा एक पैसाही त्यांच्या खेळाकडे बघून ठरलेला नाही. अभ्यासाच्या प्रतिष्ठेबद्दल एवढं बोलणाऱ्या युनिव्हर्सिट्यांनी मुलांना मिडटर्मच्या आठवड्यात तीन टाइम झोन ओलांडायला लावावं, हे मला अजिबात मान्य नाही.

सीटबद्दल विचाराल तर स्टेडियम मस्त आहे, १९२३ चं, २०१२ मध्ये दुरुस्त होऊन उघडलेलं, हेवर्ड फॉल्ट थेट मैदानाखालून जातो. दुपारची मॅच असेल तर पूर्वेच्या बाजूला ऊन तोंडावर येतं, सप्टेंबरमध्ये भाजून निघाल, पश्चिमेची बाजू घ्या. रात्रीच्या मॅचला कुठेही बसा पण जाकीट हवंच, खाडीवरून वारा येतो. डाउनटाउन बर्कली बार्ट (लोकल ट्रेन) स्टेशनवरून चढ चालत जावं लागतं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर जास्तीचा वेळ धरा. पैसे वाचवायचे असतील तर मागच्या टाइटवॉड हिलवर बसून फुकटात मॅच दिसते, लोक पिढ्यान्‌पिढ्या बसत आलेत, फक्त तोफ जवळच आहे, तेव्हा लहान मुलांच्या कानांचं बघा.

लहान मॅचेसची तिकिटं रीसेलवर बऱ्याचदा सीझनच्या भावापेक्षा स्वस्त मिळतात, म्हणून विषम वर्षी घाई करू नका. बिग गेमचं मात्र आयत्या वेळी शोधायला जाऊ नका, आणि गेलातच तर आजूबाजूला आपले निळे कपडे दिसतील अशीच सीट बघा.

साडेतीन स्टार. यूसीएलएची मॅच परत सुरू झाली तर चार करीन.