स्वस्तातलं विमान आणि मिरजेचा तानपुरा: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही हे आधीच सांगतो, कारण एका तक्रारीचे मेल अजून सुरूच आहेत, आणि तसंही स्वस्तातल्या सगळ्या विमान कंपन्यांचे नियम एकाच साच्यातनं काढल्यासारखे असतात. मी राहतो सांगलीत, काम मिरजेत, तंतुवाद्यं करायचं, वडिलांपासनं तेच. पोरगी पर्थला, भाची क्वालालंपूरला, त्यात पोरीची डिलिव्हरी आली, त्यामुळं १४ महिन्यांत चार वाऱ्या झाल्या आणि चारी वेळा बरोबर तानपुरा. लोक बॅगेत भडंग न्यायला घाबरतात, मी भोपळा घेऊन हिंडतोय.

पहिली गोष्ट, आमच्याकडनं निघायचं कुठनं. सगळे मुंबई मुंबई करतात पण मिरज-सांगलीवाल्याला बंगळुरू सोयीचं पडतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये दुपारी बसायचं, सकाळी बंगळुरू, तानपुरा वरच्या बर्थवर आडवा, त्याच्यासाठी वरचा बर्थ मुद्दाम मागून घ्यायचा आणि मग त्याच्या पायाशी आपण मुटकुळं करून झोपायचं. स्टेशनवरनं एअरपोर्ट लांब आहे, मॅजेस्टिक बसस्टँडवरनं एअरपोर्टची बस मिळते, सप्टेंबर २०२३ पासून परदेशी विमानं सगळी टर्मिनल २ वरनं. विमान रात्रीचं असतं म्हणून दिवस काढावा लागतो, पण ते चालतं. कोल्हापूरवरनं बंगळुरूचं विमान आहे की, असं सगळे म्हणतात. मी पण तेच बघितलं होतं. पण देशातल्या विमानात साध्या तिकिटावर चेक-इन सामान १५ किलो आणि पुढच्या विमानाचे मी पैसे भरलेले २० किलोचे, म्हणजे वरच्या पाच किलोचे पैसे पुन्हा वेगळे, आणि ते विमान छोटं, पाच फुटी पेटी बघून काउंटरवरचा पोरगा हसायलाच लागला. तेव्हापासनं रेल्वे.

आता तिकीट. पहिल्या वारीला जाऊन-येऊन क्वालालंपूर १३,८०० दिसलं, मी घरात ओरडलोच, अहो यात तर गोव्याला जाऊन येणं होत नाही. शेवटच्या पानावर गेलो तेव्हा २१,००० च्या वर. दोन्हीकडचं २० किलो सामान, सीट, पेमेंटची कसली तरी फी, आणि साइटनं रक्कम आपोआप रुपयात दाखवली तो भाव बँकेपेक्षा महाग. तिथं चलन बदलायची बारीक पट्टी असते, त्यांच्या देशाचं चलन निवडलं तर बँकेचा भाव लागतो, मात्र बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के आणि वर जीएसटी जातो ते धरूनच हिशोब करायचा. सामान तिकिटाबरोबरच घ्या. नंतर साइटवर महाग, आणि काउंटरवर तर विचारूच नका.

हातातली बॅग ७ किलो. हे ते खरंच मोजतात. बंगळुरूत एकदा मोजली, क्वालालंपूरला येताना गेटवर मोजली, माझ्या पुढच्या माणसानं तिथंच दोन जीन्स एकावर एक चढवल्या. माझं दुखणं वेगळंच होतं, हत्यारं. पटाशी, कानस, छोटी करवत हे हातातल्या बॅगेत चालणार नाही एवढं माहीत होतं म्हणून ते मोठ्या बॅगेत टाकलं, पण पॉलिशची स्पिरिटची बाटली पण मोठ्या बॅगेतच टाकली आणि ती चालत नाही, ज्वलनशील म्हणून कुठल्याच बॅगेत चालत नाही. बॅग बाजूला काढून मला बोलावलं, बाटली तिथंच सोडली. आता लाखेचे कोरडे पापुद्रे नेतो आणि स्पिरिट तिकडं विकत घेतो. मंडळींनी अख्खं सुकं खोबरं चेक-इन बॅगेत भरलं होतं मसाल्याला, तेही निघालं, त्यात तेल असतं म्हणून ते पेटण्यासारखं धरतात. आखाती मार्गानं जाणाऱ्यांनी खसखस तर अजिबात नेऊ नका, दुबई-शारजात ती अमली पदार्थात धरतात, घरच्या मसाल्यात आईनं घातली असेल तर विचारून घ्या.

दुसरी वारी पर्थची, नातू व्हायचा होता म्हणून मंडळी आणि मी दोघं. इथं मी शहाणपणा केला. बंगळुरू ते क्वालालंपूर एक तिकीट, तिथनं पर्थ दुसरं तिकीट, दोन्ही त्याच कंपनीची, पण वेगवेगळी काढली, कारण तशी काढली तर माणशी २,१०० वाचत होते. मध्ये तीन तास. मला वाटलं एकच कंपनी आहे, सांभाळून घेतील. नाही घेत. वेगवेगळं तिकीट म्हणजे कंपनीच्या लेखी तुम्ही क्वालालंपूरला पोचलात, विषय संपला. तिथं इमिग्रेशन करून बाहेर यायचं, सामान उचलायचं, पुन्हा काउंटरला लाइन लावायची, आणि काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद. आमचं पहिलं विमान पावणेदोन तास लेट झालं, मोठं सामान वेगळ्या पट्ट्यावर येतं हे माहीत नव्हतं म्हणून मी नेहमीच्याच पट्ट्यापाशी उभा, पेटी दुसरीकडं पडलेली. काउंटरवरची बाई चांगली होती, पण स्क्रीन बंद झाली म्हणाली. नवीन दोन तिकिटं, ३८,००० गेले. ४,२०० वाचवायला गेलो होतो. मंडळी त्यावर आजतागायत काही बोलल्या नाहीत, फक्त घरात कुणी स्वस्त हा शब्द काढला की माझ्याकडं बघतात.

एक बरं की मलेशियाला १ डिसेंबर २०२३ पासनं आपल्याला ३० दिवस व्हिसा लागत नाही, नाहीतर बाहेर येऊन सामानसुद्धा उचलता आलं नसतं. पण तिथला डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म पोचायच्या आधी तीन दिवसांत भरून ठेवावा लागतो, तो आम्ही लाइनमध्ये उभं राहून एअरपोर्टच्या वायफायवर भरला, त्यात वीस मिनिटं गेली. दुसऱ्या देशातनं असं दोन तिकिटांवर जाणार असाल तर आधी तिथला व्हिसा बघा, व्हिसा नसेल तर पहिल्याच विमानात बसू देत नाहीत.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. तानपुरा भोपळ्यात क्वचित फुटतो, दांडीत क्वचित मोडतो, प्रवासात जातो तो गळ्याला, जिथं दोन्ही जोडलेलं असतं. हे विमानाचं पण तसंच निघालं. उडताना काही त्रास नाही, विमानं नवी, पायलट चांगले, जागा अरुंद पण चार-साडेपाच तास निघतात, पाणी विकत, बाहेरचं खायला बंदी तरी सगळे चपाती-चटणी खातात आणि कुणी काही बोलत नाही. घोळ सगळा जोडावर.

तिसऱ्या वारीला म्हणून एकच पीएनआर घेतला. थोडा महाग, पण बंगळुरूतच दोन्ही बोर्डिंग पास हातात आणि सामानाच्या टॅगवर शेवटचं ठिकाण पर्थ. टॅग स्वतः वाचायचा, तिथं पी-ई-आर आहे का बघायचं, काउंटर सोडायच्या आधी. पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय त्यांच्या गळ्यात. यावेळी अर्थात वेळेवर गेलं.

तानपुऱ्याचं मात्र याच वारीला झालं. जोडीतला दुसरा तानपुरा होता, पोरगी गाते, तिला जोडी हवी होती. तारा सैल केलेल्या, घोडी (तारा टेकतात ती पट्टी) काढून कापडात, फायबरची पेटी, भोपळ्याभोवती जुन्या साड्या गच्च. काउंटरवर नाजूक सामान म्हणून एक टॅग लावला आणि त्यावर माझी सही घेतली. सही घाईत केली, वाचलं नाही. त्यात लिहिलं होतं की मोडलं तर कंपनी जबाबदार नाही.

पर्थला उतरल्यावर फॉर्मवर लाकूड आणि झाडापासनं केलेली वस्तू याला हो म्हणून खूण केलेली, कारण ऑस्ट्रेलियात हे लपवलं तर दंड जबर. तिथल्या माणसानं पेटी उघडायला लावली, भोपळ्यात बी राहिलंय का म्हणून फटीतनं टॉर्च मारला, आणि मला म्हणाला हे असंच असतं का. बघतो तर गळ्याचा सांधा सुटलेला, तबकडीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, वीतभर चीर. ती तपासणी नसती तर मी पेटी घरी जाऊन उघडली असती. तसाच मागं फिरलो आणि सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवली, त्याला पीआयआर म्हणतात, त्याची कॉपी घेतल्याशिवाय एअरपोर्टच्या बाहेर पडू नका.

त्यानंतर मी बरंच वाचलं. भारत, मलेशिया, ऑस्ट्रेलिया तिन्ही देश १९९९ च्या माँट्रियल करारात आहेत. त्यात मोडलेल्या चेक-इन सामानाची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासनं ७ दिवसांत करावी लागते, उशिरा मिळालं तर २१ दिवसांत. भरपाईची वरची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासनं माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), आपल्या पैशात दीड लाखाच्या वर, पण ती मर्यादा आहे, तेवढे मिळतातच असं नाही. मी पाचव्या दिवशी फोटो, पीआयआर आणि किंमत लावून मेल केला. उत्तर आलं सही केलेल्या टॅगचं, आणि वर वस्तू मुळातच नाजूक होती हे. करारात तशी पळवाट आहे खरी, वस्तूच्या अंगच्याच दोषानं नुकसान झालं तर कंपनी सुटते. पण नाजूक असणं आणि दोष असणं एक नाही हो, माझ्या सांध्यात दोष असता तर तो मिरजेतच सुटला असता! तसं लिहिलं त्यांना. मग एक व्हाउचर देऊ केलं, सहा महिन्यांत वापरायचं, फक्त तिकिटावर, सामानाला चालणार नाही. घेतलं नाही. अजून चालूय. तानपुरा मी परत आणला आणि इथं बसवला, वाजतो, पण विकायला नाही काढणार.

चौथ्या वारीला, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला, दुसरा नवा तानपुरा न्यायचा होता. यावेळी त्याला सीटच घेतली. मोठ्या वाद्याचे जाताना ७,८०० लागत होते, सेलमध्ये सीट ९,६०० ला मिळाली. नावाच्या जागी एक्स्ट्रा सीट असं टाकतात. पेटीची मापं आधी मेलवर कळवून होकार घ्यावा लागला, त्यात पाच फुटी बसत नाही म्हणून प्रवासी तानपुरा केला, सव्वातीन फुटी, आवाज थोडा कमी पण गळा धरतो. तानपुरा खिडकीला ठेवावा लागतो, म्हणजे अडचण झाली तर कुणाची वाट अडू नये, त्यामुळं त्याला खिडकी आणि मला मधली सीट. हवाईसुंदरीनं पट्टा लावला, जास्तीचा तुकडा जोडून. पलीकडचा तमिळ माणूस चार तास विचारत होता हे काय आहे, शेवटी त्याला जवारी, म्हणजे तारेतला तो घुमणारा नाद, काय ते समजावलं, तो उतरताना पाया पडला तानपुऱ्याच्या.

मध्ये एका वारीचं वेगळंच झालं. मंडळींचं परतीचं तिकीट पुढं ढकलायचं होतं, बदलायची फी तिकिटाएवढी, म्हणून सोडून दिलं. तेव्हा कळलं की आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतूक बघणारं सरकारी खातं) नियमात भारतीय कंपन्यांनी न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि एअरपोर्टची फी परत द्यायची असते, अगदी सेलच्या नॉन-रिफंडेबल तिकिटावर सुद्धा; परदेशी कंपनी असेल तर तिच्या देशाचा नियम बघायचा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. भारतातनं सुटणाऱ्या विमानाचं असं काही असेल आणि कंपनी दाद देत नसेल तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकता येते.

कंपनी तिकिटामागं पॉइंट देते, त्याचं सांगायचं राहिलं. भिशीसारखं वाटतं, पण भिशीत आपला नंबर तरी लागतो. पॉइंट अंतरावर नाहीत, पैशावर, आणि तेही मूळ भाड्यावर, टॅक्सवर नाहीत. माझ्या पहिल्या वारीचे आलेच नाहीत, कारण खात्यावर मी नाव आणि आडनाव टाकलेलं आणि पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव. आपल्याकडं हे सगळ्यांचंच होणार, पासपोर्टवर आहे तस्संच नाव टाका. मंडळींचे पॉइंट वेगळे, माझे वेगळे, एकत्र होत नाहीत. पॉइंटात तिकीट घ्यायला गेलो तर ज्या दिवशी रुपयात महाग त्या दिवशी पॉइंटात पण महाग. चार वाऱ्यांच्या पॉइंटातनं मला येतानाचं २० किलो सामान एकदा फुकट मिळालं, बस्स. तेवढ्यासाठी कार्डबिर्ड काढू नका.

दिवाळीची तिकिटं काढलीत, त्याच कंपनीची, एकाच पीएनआरवर. तानपुऱ्याच्या सीटचे पॉइंट मिळतात का ते चॅटवर विचारून झालंय. एक्स्ट्रा सीटची जन्मतारीख विचारली.