एक्स्टेन्शन ट्यूब: दोन संच, आठ महिने आणि आईचा कढीपत्ता

आधी माझी फजिती सांगतो. किड्यामुंग्यांचे अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स परवडत नव्हती, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन चारशे रुपयांत एक्स्टेन्शन ट्यूब मागवल्या. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये ही नळी लावली की लेन्स आणखी जवळचं फोकस करते. माझ्या होत्या बिनकॉन्टॅक्टच्या, म्हणजे कॅमेऱ्याची वीज लेन्सपर्यंत न पोचवणाऱ्या. आत काच नाही, नुसती पोकळ नळी; तिला जास्त पैसे का मोजायचे? पण माझी लेन्स कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम. तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, कॅमेराच विजेवर लहानमोठं करतो. कॉन्टॅक्ट नसले की ते सताड उघडं, आणि भोक जितकं मोठं तितका स्पष्ट भाग कमी. मुंगीचा एक डोळा स्पष्ट, बाकी मुंगी धुक्यात.

यावर एक जुगाड आहे. लेन्स थेट कॅमेऱ्यावर असताना ॲपर्चर एफ ८ला आणायचं (आकडा मोठा तेवढं भोक लहान), भोक तेवढं मिटवून दाखवणारं डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि तशीच लेन्स काढायची. भोकाची पाती तिथेच अडकतात. पण मग व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, आणि ॲपर्चर बदलायचं तर सगळं पहिल्यापासून. दोन आठवड्यांत कंटाळलो. ज्यांच्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे त्यांनी खुशाल स्वस्तातली घ्यावी.

दुसरा संच कॉन्टॅक्टवाला, १२, २० आणि ३६ एमएमचा. गणित सोपं: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्या नावातले एमएम), एवढी मॅग्निफिकेशनमध्ये वाढ मिळते. ३६ भागिले ५० म्हणजे ०.७२, त्यात लेन्सचं मूळचं ०.२१ धरलं तर जवळजवळ लाइफ साइज, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्याएवढाच. माझ्या क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर अख्ख्या फ्रेममध्ये जेमतेम २४ एमएम मावतात. याच हिशेबाने टेलीवर, म्हणजे जास्त एमएमच्या लेन्सवर, वाढ कमी मिळते, पण किड्यापासून अंतर बरंच राहतं. इथे बडोद्यात, कमाटीबागेत चतुर टिपायला ५५-२५० टेलीवर ३६ची लावतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किटच्या १८-५५ लेन्सला १८वर ट्यूब लावून बघू नका, किडा काचेलाच टेकतो.

खरी शाळा मात्र दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर झाली. कढीपत्त्याच्या कुंडीत लिंबाच्या फुलपाखराची अळी होती, लहानपणी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी. पन्नासवर ३६ लावली की अळी आणि लेन्समध्ये चारेक बोटं उरतात. ऑटोफोकस पुढे-मागे भटकत बसतो, म्हणून मॅन्युअलवर टाकून मीच श्वास रोखून झुलतो. ट्यूबमुळे प्रकाशही कमी पोचतो: एफ ११ लावलं तरी प्रत्यक्षात एफ २१च्या आसपास. कॅमेऱ्याच्या फ्लॅशपुढे चहाचा कागदी कप कापून चिकटवला, तेव्हा कुठे अळीच्या पाठीवरची ओलसर चकाकी आली. आई म्हणाली, "अळ्या वेचायच्या की त्यांचे फोटो काढायचे, ते एकदाच ठरव."

तक्रार एकच: तिन्ही ट्यूब एकदम जोडल्या की सांध्यात किंचित हलतात, म्हणून लेन्सखाली हात देतो. ट्यूब लागली की दूरचं काहीच फोकस होत नाही, हे ठाऊक असूनही गच्चीवरून पतंगांचा फोटो घ्यायला दोनदा तशीच उचलली. आणि एकदा बागेतच, धुळीत ट्यूब बदलली. सेन्सर साफ करायला दिलेले पैसे पहिल्या संचापेक्षा जास्त होते.