घरी येणारा फिजिओ, क्लिनिक की बागेतला गट? म्हातारपणी तोल सावरण्यासाठी काय निवडावं

आई न्हाणीघरात पडते. नशिबानं हाड मोडत नाही, फक्त कंबर दुखते आणि मनात भीती बसते. दोन दिवसांत घरात सल्ल्यांचा ढीग लागतो. डॉक्टरांनी कागदावर 'फिजिओथेरपी, दहा दिवस' लिहिलेलं असतं. शेजारच्या काकू म्हणतात, आमच्याकडे एक मुलगा घरी येतो, त्याला बोलवा. मामा म्हणतात, योगाला पाठव. अमेरिकेतला भाऊ यूट्यूबच्या लिंका पाठवतो. चौघांचाही हेतू चांगला असतो आणि आपापल्या परीनं चौघंही थोडे थोडे बरोबर असतात. पण पैसे, वेळ आणि मुख्य म्हणजे आईचा उत्साह मर्यादित असतो. यातलं एकच धरायचं तर कोणतं?

निवड करण्याआधी पडण्याचं कारण पाहायला हवं. अंथरुणावर कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना काही सेकंद घर गरगर फिरत असेल, तर तो बहुतेकदा कानाच्या आतल्या कणांचा प्रश्न असतो. जाणकार डॉक्टर किंवा फिजिओ डोकं ठरावीक क्रमानं वळवून तो अनेकदा एक-दोन बैठकींत सोडवतो. तिथं तीन महिने मांड्यांचे व्यायाम करत बसणं फुकट. झोपून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरत असेल तर डॉक्टरांसमोर गोळ्यांची पिशवीच रिकामी करा. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांत नेहमीच्या संशयित. मोतीबिंदू, मधुमेहानं बधिर झालेले तळपाय हेही याच यादीत. हे सगळं पाहून झाल्यावर उरतो तो खरा तोलाचा आणि ताकदीचा प्रश्न. पुढची तुलना त्याच्यासाठी आहे.

काय उपयोगी पडतं याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांहून जास्त वृद्ध माणसं होती. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलं. तोलाचे व्यायाम आणि स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम एकत्र केले तिथं घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली. याच संशोधकांच्या आधीच्या एका विश्लेषणात, तोलाला खरं आव्हान देणारे व्यायाम आठवड्याला तीन तासांहून अधिक झाले तिथं फायदा सगळ्यात मोठा दिसला. नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं असं मात्र ठामपणे सांगता आलं नाही. 'मी रोज पहाटे तीन फेऱ्या मारतो' हे आपल्याकडच्या आजोबांचं आवडतं उत्तर. फेऱ्या हृदयाला आणि साखरेला चांगल्याच, पण सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोल सावरण्याची वेळच येत नाही. तोल सुधारतो तो थोडा डळमळल्यावर आणि तो आपला आपण सावरल्यावर.

म्हणून कुठल्याही पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: इथं माझी आई आठवड्यातून किती वेळ स्वतःच्या पायांवर उभी राहून, सुरक्षितपणे, डळमळणार आहे?

घरी येणारा फिजिओ

याचा सगळ्यात मोठा फायदा असा की त्याला घर दिसतं. पलंग किती उंच आहे, उंबरठा कुठे आहे, रात्री संडासला जाताना दिव्याचं बटण हाताला येतं का, मोरीतून बाहेर पाऊल टाकताना आई कशाला धरते. क्लिनिकमध्ये आई छान चालून दाखवते आणि घरी पायपुसण्यावरून घसरते, हे त्याला इथं कळतं.

या पद्धतीचा सर्वात नावाजलेला नमुना न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला आहे. १९९७ मध्ये त्यांची ऐंशीच्या पुढच्या स्त्रियांवरची चाचणी छापून आली आणि नंतरच्या चाचण्या एकत्र केल्यावर पडण्यात साधारण ३५ टक्के घट दिसली. यात थक्क करणारं यंत्र काहीच नाही. घोट्याला बांधायची वजनं, खुर्ची, स्वयंपाकघराचा ओटा. गुडघा सरळ करणं, पाय बाजूला आणि मागे नेणं, चवड्यांवर उठणं, टाचांवर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून चालणं, मागे चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, शिवाय दोनदा चालणं.

आपल्याला शिकण्यासारखी गोष्ट भेटींच्या वेळापत्रकात आहे. तिथं व्यायाम शिकवणारी व्यक्ती पहिल्या दोन महिन्यांत चारदा येते, सहाव्या महिन्यात एकदा, आणि मधल्या काळात फोन करते. बाकी सगळं वृद्ध व्यक्ती स्वतः करते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. महिनाभर रोज फिजिओ येतो, आई आडवी पडते, तो तिचे पाय वर-खाली करतो, जरा मालीश करतो, 'बरं वाटतंय ना आजी?' विचारतो आणि जातो. महिना संपतो, पॅकेज संपतं, व्यायामही संपतो. पाय त्यानं हलवले, त्यामुळे ताकद आलीच तर त्याच्या दंडात! खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर सुरुवातीला रोजच्या भेटी लागतात, ते वेगळं. पण पडण्याच्या भीतीनं बोलावलेल्या फिजिओला मी तरी सरळ सांगेन: वीस सलग भेटी नकोत, सहा भेटी चार महिन्यांवर पसरून द्या, आणि प्रत्येक भेटीत व्यायाम आधीपेक्षा अवघड करून जा. सहा भेटींना जास्त दर मागितला तरी एकूण खर्च बहुधा कमीच होईल.

क्लिनिक किंवा रुग्णालयाची ओपीडी

क्लिनिकचं बळ उपकरणांत आणि नजरेत आहे. समांतर दांड्यांच्या मधे उभं राहिलं की दोन्ही बाजूंना धरायला आधार असतो. पडायच्या धास्तीनं जी आई भिंत सोडत नाही, ती तिथं पहिल्यांदा हात सोडून बघते. पार्किन्सन, पक्षाघात, कानाचा तोल अशा दुखण्यांत अनुभवी हात हवा आणि तो मोठ्या विभागात मिळण्याची शक्यता जास्त. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, केईएमसारख्या पालिका रुग्णालयात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे (रोजची कामं सुरक्षितपणे जमावीत यासाठीचे उपचार) विभाग आहेत. जिथं फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे त्या गावात त्याची ओपीडी सहसा खाजगीपेक्षा बरीच स्वस्त असते. तिथं शिकाऊ मुलं असतात म्हणून नाक मुरडू नका. एका आजीला अर्धा-पाऊण तास देणारा उत्साही विद्यार्थी आणि त्याच्या मागे उभे असलेले शिक्षक, हा सौदा वाईट नाही.

अडचण जाण्यायेण्याची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, रिक्षावाला जवळचं भाडं घ्यायला तयार नाही, मुलीनं अर्धी रजा टाकलेली. आई पोचते तीच दमून. आणि दुसरी अडचण यंत्रांची. गुडघ्याला शेक, कमरेला करंट, मग पाच मिनिटं व्यायाम आणि 'उद्या या'. शेकानं दुखणं थोडं हलकं होईल, दुखणं हलकं झाल्यावर व्यायाम करता येईल, इथवर ठीक. पण शेक आणि करंट यांनी तोल सुधारत नाही. अर्ध्या तासाच्या भेटीत आई पंचवीस मिनिटं पलंगावर असेल, तर क्लिनिक कितीही चकचकीत असलं तरी ते या कामाचं नाही.

बागेतला गट, योगवर्ग, ताई ची

तिसरा पर्याय स्वस्त आणि मला मनापासून आवडणारा, पण तो सगळ्यांसाठी नाही. ज्येष्ठ नागरिक संघाचा सकाळचा वर्ग, हास्यक्लब (ही चळवळ १९९५ मध्ये मुंबईतच सुरू झाली), योगवर्ग. इथं माणसं वर्षानुवर्षं टिकतात, कारण व्यायामानंतर चहा असतो आणि गप्पा असतात. तोलाचा व्यायाम थांबवला की फायदा ओसरतो, त्यामुळे टिकणं ही या पर्यायाची फार मोठी बाजू. घरी एकटीनं चवड्यांवर उठायला आईला आठवड्यानं कंटाळा येईल. मैत्रिणींबरोबर ती ते दोन वर्षं करेल.

वर्गात नेमकं काय घेतात ते मात्र बसून बघा. ताई ची या चिनी व्यायामात वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेलं जातं. त्यानं पडणं साधारण १९ टक्के घटल्याचं त्याच आढाव्यात दिसलं, पण पुण्या-मुंबईबाहेर शिक्षक शोधणं कठीण. योगानं तोल आणि हालचाल सुधारल्याचे अभ्यास आहेत, पडणं कमी होतं याचा पुरावा तुलनेनं अपुरा आहे. आपल्या वर्गांत वेळ बराचसा बसून जातो. प्राणायाम, ओंकार, मानेचे व्यायाम, सगळं सतरंजीवर. मन शांत होतं, तोल आहे तिथंच राहतो. उभ्यानं करायची आसनं किती आणि भिंत किंवा खुर्चीचा आधार देतात का, हे विचारा. पुण्यातल्या अय्यंगार परंपरेत खुर्ची, पट्टा, भिंत वापरून वृद्धांकडून आसनं करून घेण्याची पद्धत आहे आणि ती या कामाला सोयीची आहे. हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून खूप पुढे वाकायची आसनं टाळावीत, मणक्याला चीर पडू शकते. आणि चाळीस जणांमागे एक शिक्षक असेल, तर नुकतीच पडलेली आई त्या गर्दीत नको.

यूट्यूबबद्दल थोडक्यात. व्यायाम आठवण्यासाठी ठीक, शिकण्यासाठी नाही. पडद्यावरचा माणूस आईचा गुडघा आत वळतोय हे पाहू शकत नाही. व्हिडिओ कॉलवर फिजिओ बघत असेल आणि शेजारी घरातलं कोणी उभं असेल, तर परगावी ते चालून जातं.

मग कोणी काय घ्यावं

वर्षभरात एकदाही न पडलेले, स्वतः बाजारहाट करणारे सत्तरीचे बाबा: सरळ गट. फिजिओवर पैसे घालवायची गरज नाही.

एकदा पडलेली, आता भिंत धरून चालणारी आई: आधी घरी फिजिओच्या पसरलेल्या भेटी, आणि तीन-चार महिन्यांनी हात सुटला की गट. दोन्ही जमत असेल तर हाच क्रम मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. गट आधी आणि फिजिओ नंतर असं केलं की आई वर्गात एकदा अडखळते आणि मग कुठेच जात नाही.

वर्षात दोन-तीनदा पडलेली व्यक्ती, पार्किन्सन, पक्षाघात किंवा चक्कर: त्या विषयातला अनुभवी माणूस असलेली ओपीडी, जाणंयेणं कितीही जिकिरीचं असलं तरी. सोबत घराची पाहणी. घरातले धोके काढल्यानं पडणं साधारण २६ टक्के आणि आधीच जोखीम असलेल्यांमध्ये ३८ टक्के घटल्याचं २०२३ च्या कॉक्रन आढाव्यात आहे. हे मुख्यतः ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. कमोडशेजारी भिंतीत ठोकलेली दांडी हवी. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही आणि रबरी चकतीनं चिकटणारी हँडलं ओल्या टाइलवर कधी सुटतील सांगता येत नाही. पावसाळ्यात मागल्या दारचं शेवाळ खरवडून घ्या.

काठी घेतली असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी मूठ यावी इतकी उंच. दुकानातून आणलेली काठी बहुतेक घरांत कापावी लागते, हे कोणी सांगत नाही.

पैशाचं गणित आपल्याकडे जरा उफराटं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात, म्हणजे खुब्याचं हाड मोडलं की मदत आहे. ते मोडू नये म्हणून लागणारी ओपीडीची फिजिओथेरपी त्यात बसत नाही. बहुतेक खाजगी विम्यांतही नाही. त्यामुळे हा खर्च खिशातूनच जाईल असं धरून बेत करा.

फिजिओ ठरवताना राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी विचारा. मालीशवाला आणि फिजिओ यांत फरक आहे. मग पहिल्या भेटीत त्यानं काही मोजलं का ते पाहा. मोजायची साधनं साधी आहेत. हात छातीवर दुमडून अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं: पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या बाईला दहापेक्षा कमी आणि पुरुषाला अकरापेक्षा कमी जमलं तर पायांत ताकद कमी आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याची जोखीम आहे. एका पावलापुढे दुसरं चिकटवून दहा सेकंद उभं राहता येत नसेल तरीही तेच. चाचणी घेताना शेजारी हाताच्या अंतरावर कोणीतरी हवं.

हे आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायला सांगा. व्यायाम नेमानं होऊनही ते जागचे हलले नसतील, तर व्यायाम फार सोपे आहेत किंवा कारण वेगळंच आहे. आधी व्यायाम अवघड करायला सांगा. त्याला 'वयामुळे असंच असतं' एवढंच उत्तर मिळालं, तर फिजिओ बदला.