पहाटेच्या समुद्रकाठी ३२-बिट फ्लोट हँडी रेकॉर्डर : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुठीत मावणारा, वरच्या टोकाला एकमेकांकडे तिरके बसवलेले दोन माइक असलेला आणि ३२-बिट फ्लोटमध्ये (अगदी मंद आणि अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये सामावणाऱ्या डिजिटल स्वरूपात) ध्वनिमुद्रण करणारा एक हँडी रेकॉर्डर मी गेले कित्येक महिने जवळजवळ एकाच कामासाठी वापरत आहे, ते म्हणजे पहाटे समुद्रकाठचे नैसर्गिक आवाज टिपणे. मुलाखती किंवा व्हिडिओसाठी अशी यंत्रे कशी चालतात यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे वारा, दव आणि खारी हवा यांत त्याचे काय होते एवढ्यापुरतेच लिहितो.

ज्या गुणाच्या जोरावर ही यंत्रे खपतात तो म्हणजे ३२-बिट फ्लोट. १६-बिट फाइलची डायनॅमिक रेंज (सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) सुमारे ९६ डेसिबल, २४-बिटची सुमारे १४४, तर ३२-बिट फ्लोटची कागदोपत्री १५०० डेसिबलच्याही वर जाते. किनाऱ्यावर याचा फायदा निश्चितच होतो, कारण बराच वेळ लहान लाटा येत राहिल्यावर अचानक एखादी दांडगी लाट जवळ येऊन फुटते आणि तिच्या हिशेबाने लेव्हल (ध्वनिमुद्रणाची पातळी) आधीच उतरवून ठेवण्याची विवंचना आता उरलेली नाही. मात्र हा आकडा फाइलचा आहे, माइकचा नव्हे. वाऱ्याच्या झोताने माइकचा पडदाच त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला गेला, तर आवाज फाइलपर्यंत पोचण्याआधीच फाटलेला असतो आणि नंतर संगणकावर लेव्हल कितीही खाली आणली तरी तो सांधता येत नाही. माइकची अंगची खरखरही त्याने कमी होत नाही. लाटांजवळ ती झाकली जाते, पण निपचित पडलेल्या खाडीच्या काठी दूरवरच्या टिटवीसाठी लेव्हल चढवली की ती स्पष्ट ऐकू येते.

म्हणूनच पैसे मोजून घेतलेल्या वस्तूंमध्ये रेकॉर्डरपेक्षा त्यावरचे केसाळ विंडशील्ड (वारा अडवणारे आवरण) मला अधिक मोलाचे वाटते. सोबत मिळणारी फोमची टोपी बोलणाऱ्याच्या श्वासाचा फुत्कार अडवते; उघड्या किनाऱ्यावर ती असून नसल्यासारखीच. वाऱ्याची घरघर मुख्यतः २०० हर्ट्झच्या खाली असते, त्यामुळे यंत्रातला ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खर्जातले आवाज गाळणारी सोय) लावण्याचा मोह होतो, परंतु मोठी लाट आपटतानाचा धप्प आवाजही त्याच पट्ट्यात असल्यामुळे मी तो बंद ठेवतो आणि गरज पडलीच तर नंतर संपादनात लावतो. पहाटेची वेळ निवडण्याचे एक कारणही वाराच आहे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मुळातच बहुधा मंद असतात आणि दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे सूर्य बराच वर आल्यावर सुरू होतात. शिवाय मतलई वारा पाठीमागून येत असल्याने खडकाच्या किंवा वाळूच्या उंचवट्याच्या आडोशाला, तोंड समुद्राकडे ठेवून, माइक बऱ्यापैकी सुरक्षित राहतो.

विंडशील्डची निगा मात्र कोणी सांगत नाही. दव आणि तुषार बसून केसांची टोके एकमेकांना चिकटतात, वाळल्यावर त्यांच्या मिठाने ताठर झालेल्या बटा तयार होतात आणि मग वारा कमी अडतो. ओल्या आवरणातून तार आवाजही मंद होऊन येतात. गोड्या पाण्यात बुडवून, न पिळता सावलीत वाळवून, जुन्या टूथब्रशने केस उलट्या दिशेने मोकळे केले की ते पूर्ववत होते.

आवाजाची प्रत माइकच्या जागेवर किती अवलंबून असते हे याच यंत्राने नीट लक्षात आणून दिले. लाटेच्या फेसातला सळसळाट हा पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या कंपनांचा असतो. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३.३ किलोहर्ट्झला वाजतो. बुडबुडा जितका मोठा तितका त्याचा स्वर खालचा. छोट्या ट्रायपॉडवर घोट्याइतक्या उंचीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर रेकॉर्डर ठेवला की वाळूत जिरणाऱ्या फेसाची चुरचुर वेगळी कळते, आणि जमिनीलगत वाराही कमी लागतो. तोच रेकॉर्डर मागे उंचावर नेला की सगळा समुद्र एकसुरी घोंघाट होऊन बसतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे त्याच जागी, त्याच वेळी, आठवड्याभराने बहुतेक ठिकाणी भरतीऐवजी ओहोटी असते, आणि ही रेषा दर वेळी नव्याने शोधावी लागते.

या यंत्राची माझ्या मते खरी उणीव स्टिरिओची आहे. दोन्ही माइक जवळपास एकाच बिंदूवर असल्यामुळे डाव्या-उजव्या कानांत वेळेचा फरक पडत नाही. हेडफोनवर लाट डावीकडून उजवीकडे फुटत गेलेली कळते, पण किनाऱ्याची रुंदी जाणवत नाही. बाकी कुरबुरी किरकोळ आहेत. बटणाची टकटक प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला उमटते. ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) ३२-बिट स्टिरिओ ताशी सुमारे २.८ जीबी जागा खाते, आणि एका फाइलच्या ४ जीबीच्या मर्यादेमुळे दीडेक तासाने फाइल तुटते. ४८ किलोहर्ट्झला निम्म्या जागेत काम भागते आणि लाटांसाठी मला तेवढे पुरते.

दमटपणाबद्दल एक खबरदारी आवश्यक आहे. वातानुकूलित खोलीतून थेट किनाऱ्यावर नेल्यास गार माइकवर बाष्प धरते आणि आवाजात चरचर येते, म्हणून बंद पिशवीतच त्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. अलीकडे मी त्याचे स्वतःचे माइक वापरणे कमी केले आहे. प्लग-इन पॉवरवर (रेकॉर्डरच्या जॅकमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारे दोन छोटे ऑम्नी, म्हणजे सगळ्या दिशांचा आवाज टिपणारे, माइक डोक्याच्या रुंदीइतके अंतर ठेवून लावतो, त्यांना वेगवेगळी केसाळ टोपडी घालतो आणि रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीतच ठेवतो. रुंदीचा प्रश्न त्याने बराचसा सुटला, फक्त ३.५ मिलिमीटरच्या जॅकला अडकवण घट्ट नसल्यामुळे वायरीचा एक वेढा ट्रायपॉडच्या पायाला द्यावा लागतो.