महिन्याला हजार रुपये: बिटकॉइन, इथर की स्वस्तातली नाणी?

पाचशे-हजार रुपयांत कुठलं क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवरचं आभासी नाणं, घ्यावं, हा प्रश्न आता फक्त बेंगळुरूला आयटीत असलेल्या पोरांचा राहिलेला नाही. उद्यमबागच्या फाउंड्रीत पाळी करणारे, वडगावचे मागवाले, खानापूरहून बेळगावात कॉलेजला येणारी मुलं, पेन्शन घेऊन गावी परतलेले फौजी, सगळेच विचारतात. मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. कोणी काय घेतलं आणि शेवटी हातात काय उरलं, हे त्यामुळे कागदावर बघायला मिळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रक्कम लहान असेल आणि घ्यायचंच असेल, तर बिटकॉइन घ्या. वाचायची, समजून घ्यायची तयारी असेल तर त्यातला थोडा भाग इथरमध्ये घाला. बाकीची नाणी पहिल्या वर्षी नकोतच. असं का म्हणतो, ते आता एकेक करून बघू.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं: "बिटकॉइन घेतलं असतं खरं लई महाग आहे, त्यापेक्षा दोन पैशाचं नाणं घेतलं तर हजारोंनी येतात." इथेच गाडी चुकते. बिटकॉइन अख्खं घ्यावं लागत नाही. एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग पडतात, त्या भागाला सातोशी म्हणतात, आणि भारतातल्या बहुतेक ॲपवर शंभर-पाचशे रुपयांचंही घेता येतं. नाणं स्वस्त की महाग हे एका नगाच्या भावावर ठरत नाही, एकूण किती नग बाजारात आहेत यावर ठरतं. शिबा इनू या नाण्याचं उदाहरण बघा. "हे एक रुपयाला गेलं की आयुष्याचं सोनं" असं सांगणारे गावोगाव भेटतात. शिबा इनूचे बाजारात जवळपास 590 लाख कोटी नग आहेत. प्रत्येक नग एक रुपयाला गेला तर सगळ्यांची मिळून किंमत 590 लाख कोटी रुपये होईल. 2024-25 मध्ये अख्ख्या भारताचं सकल उत्पादन साधारण 330 लाख कोटी होतं. एवढं एक गणित मांडून दाखवलं की समोरचा माणूस गप्प होतो, आणि व्हायलाच हवा.

आता खरी तुलना बिटकॉइन आणि इथरची.

बिटकॉइनचं जाळं, म्हणजे व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या संगणकांचं नेटवर्क, 3 जानेवारी 2009 पासून चालू आहे. ते लिहिणारा सातोशी नाकामोतो कोण, हे आजही उघड नाही, आणि कुठलीही कंपनी त्याची मालक नाही. एकूण 2 कोटी 10 लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन होणार नाहीत, हा नियम त्याच्या मुळातच आहे. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा पक्का होतो आणि तो पक्का करणाऱ्याला नवी नाणी मिळतात. दर चारेक वर्षांनी हे बक्षीस निम्मं होतं. एप्रिल 2024 मध्ये ते सव्वासहावरून 3.125 वर आलं. नवख्याच्या दृष्टीने यातली मोठी सोय अशी की समजून घ्यायचं फार थोडं आहे: पुरवठा ठरलेला, नियम क्वचितच बदलतात, आणि भाव ठरतो तो लोक किती मागतात यावर. तोटाही तोच. बिटकॉइनला व्याज नाही, भाडं नाही, लाभांश नाही. पुढचा माणूस जास्त भाव देईल तरच तुमचा फायदा.

इथर म्हणजे इथेरियम या जाळ्यावर चालणारं नाणं. विटालिक ब्युटेरिन आणि त्याच्या सोबत्यांनी ते जुलै 2015 मध्ये सुरू केलं. यावर फक्त पैसे पाठवता येतात असं नाही, करारही लिहिता येतात. अट पूर्ण झाली की करार आपोआप अमलात येतो. त्यामुळे इतर शेकडो नाणी, कर्जाच्या योजना, डॉलरला बांधलेली नाणी याच जाळ्यावर चालतात. ते वापरायला शुल्क इथरमध्येच भरावं लागतं, म्हणून त्याला कामाची मागणी आहे. हा मुद्दा बिटकॉइनपेक्षा मला जास्त पटतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने व्यवहार पक्के करण्याची पद्धतच बदलली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. पण जे चालू आहे तेही एवढ्या मोठ्या प्रमाणात बदलू शकतं, हे नवख्याने ध्यानात ठेवावं. शिवाय इथरच्या एकूण संख्येला कायमची मर्यादा नाही. म्हणून मी हजारातले सातशे बिटकॉइनला आणि तीनशे इथरला असं सांगतो. हा काही शास्त्रोक्त आकडा नाही, माझा अंदाज आहे. वाचायचा कंटाळा असेल तर हजारच्या हजार बिटकॉइनमध्ये गेले तरी चालेल.

बाकीची नाणी पटकन सांगतो. सोलाना 2020 पासून आहे, व्यवहार झटपट होतात आणि शुल्क नगण्य असतं, पण जाळंच्या जाळं बंद पडण्याचे प्रकार झालेत. सप्टेंबर 2021 मध्ये ते जवळपास 17 तास ठप्प होतं. एक्सआरपीचे 10,000 कोटी नग सुरुवातीलाच बनवले गेले आणि मोठा वाटा रिपल या कंपनीकडे राहिला. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाशी तिचा खटला डिसेंबर 2020 ते 2025 असा चालला. भाव तंत्रज्ञानापेक्षा कोर्टाच्या तारखांवर हलत होता. पॉलिगॉन आपल्या भारतीय मुलांनी उभं केलं, त्याचा अभिमान जरूर असावा. त्याच्या मॅटिक नाण्याच्या जागी 2024 मध्ये पोल हे नाणं आलं. पण संस्थापक भारतीय आहेत एवढ्यावर पैसे घालू नयेत. डोजकॉइन 2013 मध्ये गंमत म्हणून निघालं, आणि दरवर्षी साधारण 500 कोटी नवी नाणी त्यात येतच राहतात.

"युएसडीटी घेऊन ठेवतो, ते डॉलरला बांधलेलं असतं, बुडत नाही" असंही काहीजण म्हणतात. अशी नाणी एकसारखी नसतात. टेरायुएसडी हेही डॉलरला बांधलेलंच म्हणवलं जायचं, मे 2022 मध्ये काही दिवसांत ते मातीमोल झालं. यूएसडीसीसारखं नावाजलेलं नाणंसुद्धा मार्च 2023 मध्ये, त्यांचा काही पैसा असलेली अमेरिकन बँक बुडाली तेव्हा, दोन-तीन दिवस डॉलरच्या खाली होतं, मध्ये तर 90 सेंटच्याही खाली गेलं होतं. आणि असं नाणं नुसतं धरून ठेवलं तर त्यात वाढायला काही नाही. डॉलर थोडा वधारला तर त्या फरकावरही कर आहे. हजार रुपयांसाठी बँकेतली ठेव याहून बरी.

पडझड किती होते, ते आकड्यांत बघा. 2021 च्या चढत्या काळात ज्याने नेमके शिखरावर दहा हजार रुपये घातले, त्याचे 2022 च्या तळाला डॉलरच्या भावाने काय झाले? बिटकॉइनमध्ये सव्वादोन हजारांच्या आसपास उरले. इथरमध्ये अठराशे. डोजकॉइनमध्ये सातशे. सोलानात तीनशे. पुढे बिटकॉइनने मार्च 2024 मध्ये जुनं शिखर ओलांडलं, सोलानाने नोव्हेंबर 2024 मध्ये, इथरला ऑगस्ट 2025 उजाडावा लागला. डोजकॉइनला 2025 संपेपर्यंत 2021 च्या शिखराचा भाव पुन्हा दिसला नाही. दहा हजारांचे तीनशे झालेले बघूनही जो विकणार नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून सोलाना परत वर आलं, हे त्याच्या बाजूने फार मोठं कारण मी धरत नाही.

नाणं निवडण्याइतकाच कर महत्त्वाचा, आणि लहान रकमेला तोच जास्त टोचतो. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आणि वर 4 टक्के उपकर आहे. खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. समजा, वर्षभरात तुम्ही बिटकॉइनमध्ये सहा हजार आणि शिबात सहा हजार घातले. बिटकॉइन आठ हजारांना विकलं, शिबा चार हजारांना. घातले बारा, आले बारा. तुमच्या हिशेबाने नफा शून्य. आयकराच्या हिशेबाने नफा दोन हजार, कर 600, उपकर 24, म्हणजे 624 रुपये खिशातून. पाच-सहा नाणी थोडी थोडी घेणाऱ्याचं नुकसान होतं ते इथे. शेअर बाजारात "सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका" म्हणतात, पण क्रिप्टोच्या करात ते जसंच्या तसं लागू पडत नाही.

विकताना 1 टक्का टीडीएस कापला जातो, तोही नफ्यावर नव्हे, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरतात. विवरणपत्र भरलं तर हा टीडीएस करात वळता होतो किंवा परत मिळतो. रोज घे-विक करणाऱ्याचं भांडवल मात्र यातच झिजतं. त्यामुळे महिन्याला एकदा घेणं आणि काही वर्षं हात न लावणं, एवढंच लहान माणसाला परवडतं.

घ्यायचं कुठून? ॲप केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदलेलं आहे का, ते आधी बघा. मार्च 2023 पासून ही नोंदणी लागते. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतीय ॲपच्या वॉलेटमधून, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची खाती वर्षाहून जास्त काळ गोठलेली राहिली. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. क्रिप्टोला तो नाही. आपल्याकडच्या सोसायट्यांतल्या आणि सौहार्द सहकारी संस्थांतल्या ठेवींनाही नाही, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

ॲप निवडताना एक साधी तपासणी करा. हजार रुपयांचं बिटकॉइन घ्यायच्या पानावर जा, किती मिळतंय ते लिहून घ्या. तेवढंच विकायला लावलं तर किती रुपये येतील तेही बघा. बटण दाबू नका, नुसतं बघा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या ॲपची खरी फी. पडद्यावर "शून्य शुल्क" लिहिलेलं असतं, आणि फरक मात्र तीस-चाळीस रुपयांचा निघू शकतो. दोन-तीन ॲपवर हे करून बघितलं की कुठलं घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळतं. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढता येतात का, हेही आत्ताच विचारून ठेवा. लहान रकमेला लगेच काढण्यात अर्थ नाही, कारण जाळ्याचं शुल्कच जास्त पडेल. पण रक्कम वाढल्यावर तो रस्ता खुला असायला हवा. ॲप सोडून अनोळखी माणसाकडून थेट नाणी घ्यायचा व्यवहार तर करूच नका. समोरच्याचा पैसा फसवणुकीतला निघाला तर कुठल्यातरी लांबच्या राज्यातले पोलीस तुमचंच बँक खातं गोठवतात, आणि ते सोडवताना दुकान बंद ठेवून फिरावं लागतं.

पिग्मी बंद करून क्रिप्टो घेऊ का, असंही विचारतात. नाही. पिग्मी ही आपल्याच कर्नाटकातली गोष्ट. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या संस्थेने 1928 मध्ये रोजच्या दोन आण्यांवर ती सुरू केली, आणि खडेबाजार-गणपत गल्लीतल्या दुकानदारांचा पावसाळा आजही तिच्यावर निघतो. पिग्मी, विम्याचा हप्ता, सोसायटीचं कर्ज हे सगळं भागवून जो हजार उरतो, पूर्ण गेला तरी घरात कुणाचं जेवण कमी होणार नाही असा, तोच इथे घालायचा. सोनं तारण ठेवून तर कदापि नाही.

महिन्याला ठरावीक परतावा देणारं क्रिप्टो नसतं. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेवाल्यांनी 18 महिने, दर महिन्याला 10 टक्के अशी बोली केली होती. पुण्यासह देशभरातले हजारो लोक त्यात अडकले आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. सीमाभागात असा धोका दुप्पट, कारण सभा घेणारा कोल्हापुराकडून येतो, मराठीत गोड बोलतो, हॉटेलात जेवण घालतो, आणि पैसे बुडाल्यावर निपाणीचा माणूस "आता तक्रार कुठल्या राज्यात करू" म्हणत बसतो. उत्तर सोपं आहे. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि आपल्या जिल्ह्याच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या, पोलीस ठाण्यात जा. आरोपी सीमेपलीकडचा असला तरी तक्रार इथे देता येते. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

खातं उघडण्याआधी कागदपत्रं बघून घ्या. आपल्याकडे आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं, पॅनवर मध्ये वडिलांचं नाव, पासबुकात नुसती अद्याक्षरं किंवा आडनाव आधी. तिन्ही जुळत नसतील तर पडताळणी अडते. पैसे आत गेल्यावर, काढायच्या वेळी अडली तर ताप जास्त. सोसायटीचं खातं या ॲपना चालत नाही, बँकेचंच लागतं. वर्षअखेरीस ॲपवरून सगळ्या व्यवहारांचं पत्रक उतरवून ठेवा, आणि विवरणपत्र भरणाऱ्याला क्रिप्टो विकलंय हे स्वतःहून सांगा. पगारदार माणूस सवयीने आयटीआर-1 भरतो, पण त्यात हा रकाना नसतो. आयटीआर-2 लागतो, आणि तो भरायला जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.