शॉर्ट शोधायचा किट: काही महिने वापरल्यानंतर

गाडीच्या टेललॅम्पचा फ्यूज वारंवार उडत होता. नवा घातला की काही दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा मागचे दिवे बंद. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालून बघा, हा सल्ला फुकटात मिळतो आणि गाडी पेटवायला पुरेसा असतो. फ्यूज वायरच्या जाडीवरून ठरलेला असतो. 10 च्या जागी 20 घातला तर फ्यूज टिकेल, आणि त्याच्याऐवजी आतली वायर तापेल. म्हणून फ्यूजची पाकिटं आणत बसण्याऐवजी शॉर्ट शोधायचा हा किट घेतला.

डब्यात निरनिराळ्या अँपिअरचे ब्लेड फ्यूज, फ्यूजच्या खाचेत बसणारी दोन वायरींची पिन, बटण दाबून पुन्हा चालू करायचा ब्रेकर आणि वायरचा माग काढणारा बझर एवढं येतं. डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न कापता तिच्याभोवती धरून करंट मोजणारा मीटर, मी वेगळा घेतला. घेताना 'डीसी' लिहिलंय ना ते बघा, साधा एसी क्लॅम्प बॅटरीचा करंट मोजत नाही.

कामाची गोष्ट ठरली ती दोन वायरींची पिन. तिला ब्रेकर न जोडता ब्रेकलाइटचा 21 वॉटचा बल्ब जोडायचा. जुने इलेक्ट्रिशियन हेच करत आले आहेत. पूर्ण शॉर्ट असला तरी या बल्बमधून जेमतेम पावणेदोन अँपिअर जातात, त्यामुळे वायर तापत नाही, फ्यूजही खर्च होत नाही. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे शॉर्ट आहे. मग वायरिंग हलवत जायचं, जिथे हात लागताच बल्ब विझतो तिथे दोष. त्या सर्किटवरचे दिवे मात्र आधी काढून ठेवावे लागतात, नाहीतर त्यांच्याच करंटवर हा बल्ब मंद जळत राहतो आणि आपण उगाच शॉर्ट शोधत बसतो. बल्ब चांगलाच तापतो, सीटवर किंवा प्लास्टिकवर टेकवू नका. आणि एअरबॅगच्या सर्किटला यातलं काहीही लावायचं नाही.

माझा शॉर्ट सापडला तो डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत. डिकी उघडताना-मिटताना वायरी तिथेच वाकतात, प्लास्टिक तडकतं आणि उघडं तांबं पत्र्याला लागतं. डिकी अर्धी उघडल्यावर बल्ब पेटायचा, पूर्ण उघडली की विझायचा. फ्यूज रोज का उडत नव्हता, तेही तिथेच कळलं. नुसती टेप गुंडाळून हे टिकत नाही. लवचीक वायरचा नवा तुकडा घातला आणि सांधे वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घेतले. त्यानंतर तो फ्यूज उडालेला नाही.

ब्रेकर वाईट नाही, पण जपून वापरायचा. शॉर्ट असताना बटण दाबलं की क्षणभर भरपूर करंट जातो. ते सारखं दाबत बसलात तर वायरच शेकते. आपोआप चालू होणारा ब्रेकर तर मी घेणारच नाही. बझर मोकळ्या वायरवर छान वाजतो, पण जाड जुडग्यात शिरला की सगळीकडेच वाजतो. आता तो कपाटात पडून आहे.

खरी तक्रार दोन गोष्टींची. पिनेची पाती किंचित जाड आहेत. सारखी काढघाल केली की फ्यूज बॉक्समधली पकड सैल होते, आणि सैल पकड म्हणजे उष्णता. दुसरी तक्रार सोबतच्या फ्यूजची. चांगला ब्लेड फ्यूज दुप्पट करंटला पाच सेकंदांच्या आत जायला हवा. हेडलाइटचे दोन 60 वॉटचे फिलामेंट एकत्र जोडून, म्हणजे सुमारे 10 अँपिअर, 5 अँपिअरच्या दोन फ्यूजमधून वेगवेगळे सोडून बघितले. गाडीसोबत आलेला फ्यूज लगेच गेला. किटमधला प्लास्टिक मऊ होईपर्यंत तग धरून होता. ते सगळे फ्यूज मी टाकून दिले.

मागच्या महिन्यात ब्लोअरचा फ्यूज गेला, तेव्हा बल्बची गरजच पडली नाही. शॉर्टने उडालेल्या फ्यूजची खिडकी आतून काळी पडते. हा स्वच्छ होता, पट्टी मधोमध वितळलेली, म्हणजे जास्त लोड. फ्यूज दहा टक्के जादा करंट तासन्‌तास सोसतो, म्हणून असा दोष हळूहळू वाढत जातो आणि एका दिवशी फ्यूज जातो. क्लॅम्प मीटर शून्यावर आणून वायरभोवती धरला. पहिल्या स्पीडपासूनच आकडा चढा होता. मोटर काढली तर पंख्यात पानांचा चुरा आणि बेअरिंग कोरडं. नवी मोटर बसवल्यावर आकडा उतरला. फ्यूजच्या खाचेचं प्लास्टिक मात्र एका बाजूने वितळलंय. ते टर्मिनल बदलेपर्यंत ब्लोअर कमी स्पीडवरच चालवतोय.