स्पार्क टेस्टर : रबर लायनिंगवर नऊ महिने वापरल्यानंतर

रबाळे एमआयडीसीत आमच्याकडे ॲसिडच्या टाक्यांना आतून रबर लायनिंग, म्हणजे रबराचं अस्तर, केलं जातं. या अस्तरातलं डोळ्यांना न दिसणारं भोक ठिणगीने शोधणारा, हातात धरायचा स्पार्क टेस्टर घेऊन नऊ महिने झाले. तो चालतो २३० व्होल्टवर, पण टोकाच्या ब्रशला कितीतरी किलोव्होल्ट देतो. आता तो फिरवल्याशिवाय मी एकही टाकी पास करत नाही.

रबर अखंड असेल तर ब्रशच्या टोकातून जांभळट ठिणग्या पृष्ठभागावर भुरभुरतात. खाली सुईएवढं भोक असलं की त्या सगळ्या एकवटतात, पांढरीशुभ्र सरळ रेघ होते, आवाजही बदलतो. मार्चमध्ये एका टाकीत नोझलच्या, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाच्या, वळणावर, जिथे रबराच्या दोन शीट एकमेकींवर चढतात, तिथे अशी रेघ उठली. टॉर्च मारला, बोट फिरवलं, काहीच लागेना. हेल्पर म्हणाला, "दादा, इथे तर काही नाही." तीनदा ब्रश नेला, तीनदा तिथेच रेघ. ते भोक राहिलं असतं तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने आतून लोखंड खाल्लं असतं आणि टाकी गळेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

व्होल्टेज जितकं जास्त तितकं चांगलं, असं अजिबात नाही. हवेतून, म्हणजे भोकातून, ठिणगी जायला मिलिमीटरला ढोबळमानाने ३ किलोव्होल्ट लागतात, चांगल्या रबरातून जायला त्याच्या कितीतरी पट. आपल्याला या दोन्हींच्या मधे राहायचंय. मी तेवढ्याच जाडीचं लायनिंग केलेला एक तुकडा ठेवलाय, त्याला मुद्दाम सुईने आरपार भोक पाडलंय. व्होल्टेजचा नॉब खालून वर नेतो. भोक खात्रीने पकडलं की तिथेच थांबतो.

आणि हात थांबवू नका. पहिल्याच आठवड्यात मॅनहोलपाशी कुणीतरी हाक मारली, मी बोलत राहिलो, ब्रश जागच्या जागी. चांगलं रबर जळून भोक पडलं. तेवढा भाग कापून पॅच लावावा लागला, पुन्हा क्युरिंग करावं लागलं, म्हणजे रबर पक्कं करून घ्यावं लागलं. अजून वाईट वाटतं.

पावसाळ्यात लायनिंगवर दमट थर येतो आणि ठिणगी त्यावरून वाट्टेल तिकडे पळते. कोरड्या फडक्याने पुसून, ब्लोअर लावूनच टेस्ट घ्या. काही काळ्या रबरांत कार्बन इतका असतो की सगळीकडेच ठिणगी बसते; असं रबर या टेस्टरने तपासता येत नाही.

रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास येत असेल तर स्विचला हातच लावायचा नाही. त्यात सॉल्व्हंट असतं, त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. टाकीत उतरण्याआधी गॅस टेस्ट आणि परमिट, बाहेर एक माणूस, आत एक्झॉस्ट चालू. ठिणगीमुळे ओझोन तयार होतो, बंद टाकीत तो घशाला लागतो. टाकीला अर्थिंग द्या, हातातलं घड्याळ, अंगठी काढा. पेसमेकर असलेल्या माणसाच्या हातात हे यंत्र देऊ नका, त्याला जवळही उभं करू नका.

तक्रारी दोन. वायर आखूड आहे. आणि दहा-पंधरा मिनिटांत मूठ तापते, मग बंद करून ठेवावं लागतं. मोठ्या टाकीला म्हणून अर्धा दिवस धरूनच चला.